कॉलेज मागतं १२० तास, एजन्सी मागते १,४०४

*प्रिय ताई,*

*मी कळव्याला खारेगावात राहते. ठाण्यातल्या कॉलेजात टी.वाय.ला आहे, बीएएमएमसी, म्हणजे मीडियाचा पदवी अभ्यासक्रम. सकाळी सात ते बारा लेक्चर्स. संध्याकाळी साडेपाच ते आठ घरीच आठ मुलांच्या शिकवण्या घेते, प्रत्येकी सातशे रुपये. बाबा टेम्पो चालवतात, आई डबे देते. मोठा भाऊ आयटीआय फिटर करून रबाळे एमआयडीसीत अप्रेंटिस आहे.*

*वागळे इस्टेटमधल्या एका सोशल मीडिया एजन्सीत माझी इंटर्न म्हणून निवड झाली आहे. चौदा जणांचं ऑफिस. सहा महिने, आठवड्याचे सहा दिवस, दहा ते सात. स्टायपेंड नाही. शेवटी सर्टिफिकेट देणार आणि ‘काम आवडलं तर पुढचं बघू’. लॅपटॉप स्वतःचा आणायचा. कॉलेजचं काय, असं विचारलं तर एचआर मॅडम म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही मॅनेज करा.” कॉलेजला मला चार क्रेडिटसाठी १२० तासांची ओजेटी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग, दाखवायचीच आहे.*

*माझी पाचपाखाडीची मैत्रीण लगेच हो म्हणाली. बाबा म्हणतात, फुकट राबायचं नाही. मामा म्हणतो, सुरुवातीला सगळेच फुकट काम करतात, मोठ्या ठिकाणी असंच असतं. भाऊ हसतो, “मी आयटीआयवाला, मला पैसे. तू ग्रॅज्युएट होणार, तुला ठेंगा.” आई काहीच बोलत नव्हती. काल रात्री म्हणाली, “तू जा, मुलांना मी बसवते.” तिची शाळा सातवीत सुटली आहे, ताई.*

*नाही म्हटलं तर मी मागे पडेन का? सोमवारपर्यंत कळवायचं आहे.*

*– खारेगावची एक मुलगी*

---

प्रिय मुली,

सोमवार तोंडावर आलाय, म्हणून उत्तर आधी देते आणि बाकीचं मग बोलते. या अटींवर हो म्हणू नकोस. पण फोन करून ‘नको’ असंही म्हणू नकोस. तू तुझ्या अटी पाठव. त्या कशा लिहायच्या ते खाली सांगितलं आहे.

आता जरा वही घे. जाहिरातीच्या धंद्यात माझी पंचवीस वर्षं गेली आणि तिथे मी एकच गोष्ट नीट शिकले: कोणी ‘संधी’ असा शब्द वापरला की आधी गुणाकार करायचा. दहा ते सात म्हणजे नऊ तास. आठवड्याचे सहा दिवस. सहा महिन्यांचे सव्वीस आठवडे. नऊ गुणिले सहा गुणिले सव्वीस, एक हजार चारशे चार तास. कॉलेजला तुझ्याकडून हवेत एकशे वीस. म्हणजे शिकण्यासाठी जेवढा वेळ लागतो असं तुझ्या अभ्यासक्रमाने ठरवलंय, त्याच्या जवळजवळ बारापट वेळ एजन्सीला हवा आहे. वरचे बाराशे चौऱ्याऐंशी तास कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतं असं म्हणत नाही मी. एकविसाव्या वर्षी, निवड झाल्याच्या आनंदात, कोण विचारतं?

दुसरा हिशेब घरचा. आठ मुलांचे सातशेप्रमाणे महिन्याला पाच हजार सहाशे. दहा ते सात वागळे इस्टेटमध्ये बसलीस तर सात वाजता सुटून टीएमटीने किंवा शेअर रिक्षाने स्टेशन, तिथून कळवा, मग खारेगाव. आठाच्या आत तू घरी पोचत नाहीस आणि शिकवण्या संपल्या. सहा महिन्यांचे तेहतीस हजार सहाशे गेले. त्यात रोजचं जाणं-येणं, दुपारचं काहीतरी, एखादा चहा. अगदी काटकसरीने ऐंशी रुपये धर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सहा महिन्यांचे बारा हजार चारशे ऐंशी. एकूण शेहेचाळीस हजार ऐंशी रुपये. लॅपटॉप यात धरलेलाच नाही.

लोक याला ‘फुकटची इंटर्नशिप’ म्हणतात ना, त्या शब्दाचा मला राग आहे. फुकट फक्त एजन्सीला. तुझ्या घरी तिचं बिल शेहेचाळीस हजाराचं येतंय आणि ते भरायला तुझी सातवी शिकलेली आई आठ मुलांना पाढे म्हणायला बसवणार आहे. पाचपाखाडीच्या मैत्रिणीच्या घरीही बिल येणारच, फक्त तिचे बाबा ते पाहणारसुद्धा नाहीत. तिच्यावर रागावू नकोस. ती काही चुकीचं करत नाहीये. पण सहा महिन्यांनी त्या ऑफिसात एक जागा निघाली की ती तिला मिळेल, आणि मालक प्रामाणिकपणे म्हणेल, “आम्ही मेरिटवर घेतलं.” मेरिट दिसायला दारात उभं राहावं लागतं, आणि सहा महिने बिनपैशांचं दारात उभं राहणं ज्याला परवडतं त्याचंच मेरिट दिसतं. तुझी अडचण एवढीच आहे. हुशारीचा इथे काही संबंध नाही.

तुझा भाऊ हसतो, ते मला फार आवडलं. त्याला कदाचित ठाऊक नसेल, पण त्याच्या हसण्यामागे एक कायदा उभा आहे. १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा. साधारण त्याच काळात वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहत होते आणि कारखान्यांना फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते. पोरं मशीनवर शिकणार, शिकताना मालकाचं कामही करणार, तर त्यांना विद्यावेतन द्यायला हवं, हे तेव्हा सरकारला कळलं. करारनामा होतो, त्याची नोंदणी होते, काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. २०१९च्या नियमांत विद्यावेतनाचे किमान आकडे ठरवले गेले: आयटीआय झालेल्याला महिना ७,०००, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला ९,०००. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. चार माणसं असली तरी घेता येतात. तुझ्या एजन्सीत चौदा आहेत.

‘इंटर्न’ नावाचा माणूस मात्र त्या कायद्यात नाही. त्यामुळे इमारत तीच, वागळे इस्टेटचीच. तळमजल्यावर ग्रीस लागलेल्या हातांनी शिकणाऱ्या मुलाला पैसे, आणि वरच्या मजल्यावर एसीत रील कापणाऱ्या मुलीला सर्टिफिकेट. आपल्याकडे पांढरपेशा कामाला अजून असं वाटतं की पैसे मागितले की त्याची प्रतिष्ठा जाते.

सगळ्याच पांढरपेशा कामांना असं वाटतं असंही नाही, बरं का. आमच्या नौपाड्यात दर दोन इमारतींआड एका सीएचं ऑफिस आहे. तिथे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना त्यांच्या संस्थेच्या नियमाने स्टायपेंड द्यावाच लागतो, शहर मोठं तर रक्कम मोठी. पैसा फार नसतो, मुलं कुरकुरतात, पण शून्य नसतो. वकिलीत इतकी वर्षं ‘सिनियरच्या चेंबरमध्ये बसायला मिळतं हेच पुष्कळ’ असं चालायचं. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नव्या वकिलांसाठी शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० अशी किमान रकमेची शिफारस केली. शिफारसच आहे, सक्ती नाही; कितीजण पाळतात ते कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन विचार. पण निदान आकडा कागदावर आला. आपल्या क्षेत्रात, म्हणजे जाहिरात, मीडिया, फॅशन, सिनेमा, तेवढंही नाही, कारण इथे रांग मोठी आहे. तू नाही म्हणालीस तर मागे वीसजणी उभ्या आहेत, हे त्या एचआर मॅडमना माहीत आहे. कॉलेजचं ‘मॅनेज करा’ असं त्या इतक्या सहज म्हणू शकतात ते त्या रांगेच्या जोरावर.

आता माझंच सांगते. सांगायला लाज वाटते, म्हणून दर वेळी राहून जातं.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका जाहिरात संस्थेत होते आणि मे महिन्यात इंटर्न निवडणं माझ्याकडे असायचं. पैसे द्यायचे नाहीत, हा नियम मी केला नव्हता, पण मोडायचाही प्रयत्न केला नाही. एका वर्षी दिव्याहून एक मुलगा आला. हडकुळा, फार बोलायचा नाही. दुसऱ्याच दिवशी छत्रीच्या जाहिरातीसाठी त्याने एक ओळ लिहिली: ‘भिजायचं की नाही, तुम्ही ठरवा.’ टेबलावर सगळे हसले, क्लायंटलाही आवडली, छापून आली. चौथ्या दिवशी तो आला नाही. दुपारी फोन आला, “मॅडम, मला मामाच्या दुकानात बसावं लागतंय.” मी “बरं” म्हटलं आणि ठेवला. वहीत त्याच्या नावापुढे ‘सातत्य नाही’ असं लिहिलं. त्या वर्षी टिकलेल्या दोघींपैकी एक आमच्याच क्लायंटची भाची होती, तिच्यापुढे मी ‘मनापासून काम करते’ असं लिहिलं. ते खरंही होतं. घरून गाडी सोडायला यायची, मनापासून काम करायला तिला काय हरकत होती?

त्या ओळीचे पैसे क्लायंटने दिले. आम्हाला.

तुझं पत्र वाचताना तो मुलगा आठवला. दुकानात बसण्याचे त्याला किती मिळत होते, तेवढेच आम्ही देऊ शकत होतो का, हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मामाचं म्हणणं बाजूला टाकू नकोस, त्याच्या मनात तुझं वाईट नाही. आमच्या लहानपणी याला ‘उमेदवारी करणं’ म्हणायचे. माझ्या आजोबांनी गिरगावातल्या छापखान्यात कंपोझिटरची उमेदवारी केली, पहिले काही महिने पगार नव्हता. पण दुपारचं जेवण मालकाच्या घरी असायचं, आणि हाताला खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायची सवय लागली की पगार सुरू, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. तुझ्या एजन्सीने जेवण सोड, ‘काम आवडलं तर बघू’च्या पुढे एक शब्द दिलेला नाही. मोठ्या ठिकाणी असंच असतं, हेही मामाचं अर्धं बरोबर आहे. मोठ्या ठिकाणी असंच होतं आणि त्यावर आरडाओरड झाल्यावर काही ठिकाणी बदललं. २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या कार्यालयातला बिनपगारी इंटर्न, बावीस वर्षांचा मुलगा, तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला आणि ती बातमी जगभर गेली. जागतिक आरोग्य संघटना २०२०पासून इंटर्नना भत्ता देऊ लागली. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने पहिल्यांदा इंटर्नना पैसे दिले ते २०२२मध्ये. त्याआधी तिथे कुणाची मुलं जाऊ शकत असतील, ते तूच ठरव.

तर आता अटी. कॉलेज बारा वाजता सुटतं, शिकवण्या साडेपाचला सुरू होतात. मधले एक ते चार तुझे आहेत. रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, आठ आठवडे. कर गुणाकार: बरोब्बर एकशे वीस. कॉलेजची ओजेटी पूर्ण, लेक्चर्स बुडत नाहीत, पंचाहत्तर टक्के हजेरीची टांगती तलवार नाही, आणि साडेपाचला मुलं आली की दार तूच उघडशील. एवढ्या मर्यादेत, खरंच काही शिकवणार असतील तर, पैसे नसले तरी मी तुला जा म्हणेन. त्यातही प्रवासाचे पैसे मागायचेच.

फोन करू नकोस. फोनवर आपण लगेच ‘चालेल, चालेल’ म्हणतो. ईमेल लिही, इंग्रजी जड जात असेल तर सरळ मराठीत लिही. मालक ठाण्याचाच आहे. साधारण असं:

“नमस्कार मॅडम. माझी निवड केल्याबद्दल आभार. मला आपल्याकडे काम करायला आवडेल. कॉलेजच्या अभ्यासक्रमानुसार मला १२० तासांचं प्रशिक्षण पूर्ण करायचं आहे. मी सोमवार ते शुक्रवार दुपारी एक ते चार, आठ आठवडे येऊ शकते. त्यापुढे किंवा त्याहून जास्त वेळ मी काम करावं अशी आपली इच्छा असल्यास मासिक स्टायपेंड ठरवून घेऊ या. प्रवासखर्च मिळाला तर मदत होईल. माझ्याकडे लॅपटॉप नाही, ऑफिसमधला वापरावा लागेल. मी कोणाच्या हाताखाली शिकेन आणि मी केलेलं काम मला माझ्या पोर्टफोलिओत दाखवता येईल का, तेही कृपया कळवावं.”

यात कुठेही ‘सॉरी’ नाही, पाहिलंस ना? ‘घरची परिस्थिती’ हा शब्दही नाही. तो घालायचा मोह होईल. घालू नकोस. तुझ्या घरची परिस्थिती सांगितलीस की मागणीची विनंती होते, विनंतीची कीव होते, आणि कीव करणारा माणूस स्टायपेंड देत नाही, सल्ला देतो. (मी देतेय तसा. पण मला निदान पत्राने विचारलं होतं.)

पोर्टफोलिओचा प्रश्न मात्र काही झालं तरी विचारायचाच. बऱ्याच एजन्सीत तू लिहिलेली कॅप्शन, कापलेली रील क्लायंटच्या नावाने जाते आणि सहा महिन्यांनी तुझ्या हातात दाखवायला काहीच नसतं. सर्टिफिकेटला या धंद्यात कोणी विचारत नाही. मी शेकडो मुलाखती घेतल्या, एकदाही फाईल उघडून सर्टिफिकेट बघितलं नाही. ‘काय केलंस, दाखव’ एवढंच विचारलं. तेव्हा काम दाखवायची परवानगी लेखी दिली तर ती सर्टिफिकेटहून मोलाची. आणि ‘कोणाच्या हाताखाली’ याला जर ‘सगळेच शिकवतात’ असं उत्तर आलं, तर समज, कोणीच शिकवत नाही.

लॅपटॉप हप्त्यांवर घ्यायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाक. ज्या कामाचा पैसा येत नाही त्यासाठी कर्ज काढायचं नाही. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला मागितली तर उठून यायचं. आणि कधी कोणी ‘रजिस्ट्रेशन फी’ भरून इंटर्नशिप देतो म्हणाला, दोन हजार असो की वीस, तो इंटर्नशिप देत नाहीये, सर्टिफिकेट विकतोय. त्याचा नंबर ब्लॉक कर.

एक गोष्ट मात्र पैशांइतकीच महत्त्वाची आहे आणि मुली ती विचारायला लाजतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तुला लागू आहे. पगार असो वा नसो, प्रशिक्षणार्थी असो, शिकाऊ असो, स्वेच्छेने काम करणारी असो, त्या कायद्यात ती कर्मचारीच. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, म्हणजे तुझ्या या चौदा जणांच्या ऑफिसातही. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ‘तू आमच्या पेरोलवर नाहीस’ हे उत्तर तिथे चालत नाही. पहिल्या आठवड्यात समितीत कोण आहे ते सहज विचारून ठेव. विचारलं म्हणून कोणाचा चेहरा पडला तर तेही लक्षात ठेव.

ते नाही म्हणाले तर? म्हणतीलही. मग ओजेटी दुसरीकडे करायची. कळव्याच्या, ठाण्याच्या दुकानांकडे बघ. गोखले रोडवरचा कपडेवाला, जांभळी नाक्यावरचा मसालेवाला, कळव्यातला क्लासवाला, या सगळ्यांना हल्ली रील हवी असते आणि कोणाला सांगावं ते कळत नाही. एखाद्याला महिन्याला आठ रील आणि कॅप्शन, तीन हजार रुपये, असं सांगून बघ. घासाघीस करेल, अडीचवर येईल, पण देईल, कारण गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला फुकट काम करून घेण्याची सवय नसते. त्याला माहीत असतं की फुकटचं काम वेळेवर होत नाही. कॉलेजला हे ओजेटी म्हणून चालेल का, ते तुमच्या प्लेसमेंटच्या सरांना आधीच विचार. दुकानाचं पत्र, तासांची नोंद आणि केलेलं काम समोर ठेवलंस तर नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल. सुरुवात आईच्या डब्यांपासून कर. त्याचे पैसे आईकडून घ्यायचे नाहीत, एवढी सूट देते.

आणि पदवी झाल्यावर तुझ्या भावाचा कायदा तुझाही होतो. २०१४च्या दुरुस्तीनंतर बिगरअभियांत्रिकी पदवीधरही शिकाऊ उमेदवार होऊ शकतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, लोक नॅट्स म्हणतात, तिथे किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं. तिचं पश्चिम विभागाचं कार्यालय शीवला आहे, पण नोंदणी पोर्टलवरच होते, खेप घालावी लागत नाही. निकाल लागल्यावर फार थांबू नकोस. आधीच वर्षभर नोकरीचा अनुभव झाला तर त्यात बसता येत नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४मध्ये आली, पदवीधराला महिना १०,००० अशी. पण शिक्षण चालू असताना त्यात घेत नाहीत, आणि अशा योजनांच्या मुदती नि अटी सारख्या हलतात, म्हणून निकालानंतर काय चालू आहे ते बघून मगच त्यावर विसंब. ‘बजेट नाही’ म्हणणाऱ्या मालकाला मात्र हे आताच सांगून ठेव. “सर, पुढच्या वर्षी मला नॅट्समधून घेतलंत तर अर्धं विद्यावेतन सरकार देईल.” अनेकांना खरंच माहीत नसतं. एकदा एका छोट्या स्टुडिओच्या मालकिणीला मी हे सांगितलं, ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी सोन्याच्या भावात सूट सांगितली.

हे सदर असे मालक-मालकिणीही वाचतात, म्हणून चार शब्द त्यांच्यासाठी. तुमचा धंदा लहान आहे, महिन्याअखेर कसंबसं जमतं, क्लायंट पैसे थकवतो, सगळं मान्य. मग सहा महिने ठेवू नका, सहा आठवडे ठेवा. सहाजण बिनपैशांचे ठेवण्यापेक्षा दोघांना पाच-पाच हजार द्या. आणि ज्या दिवशी इंटर्नने केलेलं काम क्लायंटच्या बिलात लावलंत, त्या दिवसापासून तो तुमच्याकडे शिकत नाही, कमावून देतो. तुमच्या ऑफिसात कळवा, दिवा, मुंब्रा, दिघा इथली मुलं का टिकत नाहीत, याचं उत्तर त्यांच्या ‘ॲटिट्यूड’मध्ये शोधू नका. मी तिथे शोधलं होतं.

कॉलेजांनाही एक विचारायचं आहे. ओजेटी सक्तीची तुम्ही केलीत, मग १२० तासांच्या पत्रावर सही करताना त्या मुलीचे खरे तास किती हे कधी पाहता का? कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटलं, ते गरिबाच्या पोराला शिकता यावं म्हणून. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज इथे वाशीत आहे, त्यांना ते सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी निदान ‘गमवा आणि शिका’ होणार नाही एवढं बघावं.

आता मागे पडण्याचं. थोडी पडशील, खोटं सांगत नाही. मैत्रिणीला त्या ऑफिसात ओळखी होतील, ती दिवाळीच्या पार्टीचे फोटो टाकेल आणि तुला दोन दिवस वाईट वाटेल. पण तुझ्याकडे आठ मुलांना अडीच तास जागेवर बसवायची कला आहे, आणि सोशल मीडियाचं काम याहून फारसं वेगळं नसतं. तीन सेकंदांत लक्ष गेलं नाही तर मूल खिडकीबाहेर बघतं, माणूस अंगठा वर सरकवतो. मुलाखतीत हे सांग. शिकवण्या लपवण्याची गोष्ट नाही.

आईला आज रात्रीच सांग की मुलांना तूच बसवणार आहेस. ती ‘बरं’ म्हणेल आणि भांडी घासायला वळेल. त्या एका ‘बरं’मध्ये काय आहे ते तुला कळेलच.

ईमेल रविवारी रात्री लिहून ठेव, सोमवारी सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी पाठव. आणि तत्पूर्वी भावाला हसणं थांबवायला सांग आणि त्याचा अप्रेंटिसशिपचा करारनामा मागून घे. त्यात कालावधी लिहिलेला असतो, विद्यावेतन लिहिलेलं असतं, दोन्ही बाजूंच्या सह्या असतात. तो समोर ठेवून तुझा ईमेल पुन्हा एकदा वाच आणि काय राहिलंय ते भर.

उत्तर आलं की कळव.

– ताई